मंचाव सूप ग्लूटेन फ्री? नूडल्स काढल्या तरी नाही

आमच्या कुडाळ-सावंतवाडीकडच्या बहुतेक ग्रुपवर सध्या एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्याकडेपण आला असेल. "गहू बंद सांगितलाय? मंचाव सूप बिनधास्त प्या!" असं वर ठळक लिहिलंय आणि खाली मुद्दे. सूप कॉर्नफ्लोअरने घट्ट करतात, मैद्याने नाही. सोया सॉस सोयाबीनचा असतो. वरच्या तळलेल्या नूडल्स काढून टाकल्या की झालं. सूप उकळतं त्यात ग्लूटेन मरून जातं, आणि राहिलंच थोडंसं तर तेवढ्याने काही होत नाही. चिनी लोक भात खातात, त्यांच्या जेवणात गहू येणार कुठून. आणि शेवटी, खरा त्रास अजिनोमोटोचा, तेवढं घालू नको म्हणून सांगा. वाचताना एकदम पटतं. माझ्या भाचीला सेलिॲक आहे, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होते तो आजार, त्यामुळे हा मेसेज मला कितीतरी जणांनी "तुमच्या कामाचं आहे बघा" म्हणून मुद्दाम पाठवला, तर आता एकदाच सगळ्यांना उत्तर देते.

कॉर्नफ्लोअरचा मुद्दा बरोबर आहे. आपल्याकडे पाकिटात जे पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर मिळतं तो मक्याचा स्टार्च, त्यात ग्लूटेन नाही. ग्लूटेन म्हणजे गहू, जव आणि राय या धान्यांमधली प्रथिनं, मका-तांदूळ-नाचणी त्यात येत नाहीत. गाडीवरचं पांढरं व्हिनेगरही बहुतेक ठिकाणी पाण्यात ॲसिटिक ॲसिड मिसळलेलं सिंथेटिक असतं, त्याचाही ग्लूटेनशी संबंध नाही. इथपर्यंत ठीक.

आता सोया सॉस. फॉरवर्ड लिहिणारा नावावर गेला आणि फसला. पारंपरिक पद्धतीने सोया सॉस करताना सोयाबीन वाफवतात आणि त्यात गहू घालतात, भाजून भरडलेला किंवा पीठ करून, आणि हा गहू चवीपुरता नसतो, बऱ्याच प्रकारांत, विशेषतः जपानी सोया सॉसमध्ये, तो सोयाबीनच्या जवळपास बरोबरीने असतो. त्या मिश्रणावर एक ठराविक बुरशी वाढवतात, मग मिठाच्या पाण्यात महिनोन् महिने मुरवतात, आणि जो रस गाळून निघतो तो सोया सॉस. तामारी म्हणून एक जपानी प्रकार आहे त्यात गहू अगदी कमी किंवा अजिबात नसतो, पण तो आपल्याकडच्या गाडीवर कुणी वापरत नाही, महाग पडतो आणि कुडाळात शोधूनही मिळायची मारामार. विश्वास बसत नसेल तर घरातली बाटली उलटी करून मागचं बारीक अक्षर वाचा. घटकांत गहू असेल तर लिहावाच लागतो, ॲलर्जीची सूचना वेगळी द्यावी लागते. काही बाटल्यांवर गहू नाही, त्या असतात, नाही असं नाही. पण गाडीवर पाच लिटरच्या कॅनमधून सॉस जुन्या बाटलीत ओततात, तिच्यावरचं लेबल भलत्याच कंपनीचं असतं किंवा धुऊन गेलेलं असतं, मग तुम्ही वाचणार काय? आणि मंचावचा तो काळपट तपकिरी रंग येतो कुठून, याच सॉसमधून, म्हणजे सूप जितकं "अस्सल" दिसेल तितका सॉस जास्त.

इथे एक जरा अभ्यास केलेला माणूस येऊन म्हणतो की ताई, आंबवताना गव्हाची प्रथिनं तुटून जातात, टेस्ट केली तर ग्लूटेन सापडतसुद्धा नाही. हा मुद्दा फॉरवर्डमधल्या सगळ्यापेक्षा वजनदार आहे, म्हणून नीट सांगते. प्रथिनं तुटतात हे खरं, पण तुटतात म्हणजे नाहीशी होत नाहीत, त्यांचे तुकडे राहतात, आणि नेहमीची टेस्ट अशी असते की प्रथिनाचा तुकडा पुरेसा मोठा असेल, दोन बाजूंनी पकडता येईल, तरच ती मोजते. छोटे तुकडे तिच्या हातातून निसटतात. त्यातला एखादा तुकडा आतड्याला त्रास देणारा आहे की नाही हे ती टेस्ट सांगूच शकत नाही. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषधांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, २०२० साली आंबवलेल्या पदार्थांसाठी वेगळा नियम केला, की नुसत्या शेवटच्या टेस्टवर ग्लूटेन फ्री लिहायचं नाही, आंबवायच्या आधीचा कच्चा मालच ग्लूटेन फ्री होता याची नोंद ठेवायची. गव्हापासून केलेला सोया सॉस त्यात बसत नाही, विषय संपला.

नूडल्स काढून टाका म्हणे. मंचाववर त्या कुरकुरीत नूडल्सची मूठ टाकतात, त्या मैद्याच्या असतात हे तरी फॉरवर्डला मान्य आहे. पण जरा गाडीसमोर उभं राहून बघा काय चालतं ते. एकच कढई, तिच्यात आत्ताच हक्का नूडल्स परतून झाल्या, पाण्याचा एक हबका, झाडूने फर्रकन फिरवलं, पाणी बाजूला, आणि त्याच कढईत तुमचं सूप. पळी तीच. बाजूच्या तेलात मंचुरियनचे गोळे, ज्यात मैदा असतोच, आणि त्याच तेलात नूडल्स तळलेल्या. नूडल्स ज्या हाताने उचलतो त्याच हाताने कोबी-गाजर टाकतो. त्याची काही चूक नाही हो, संध्याकाळी सातला गर्दीत त्याने तुमच्यासाठी वेगळी कढई कुठून आणायची? पण "भैया, बिना नूडल्स देना" म्हटल्याने सूप ग्लूटेन फ्री होत नाही एवढंच.

उकळल्यावर मरतं हे तर कमालच आहे. ग्लूटेन म्हणजे जंतू नव्हे. तापल्या तव्यावरची चपाती, भट्टीतला पाव, सगळ्यात ग्लूटेन असतं ना? मग सुपाच्या आधणात ते कसं जाईल?

"थोडंसं चालतं" याला मात्र आकडे लागतात. भारतात आणि जगात बऱ्याच ठिकाणी ग्लूटेन फ्री लिहायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत लागतं. म्हणजे पाव किलोच्या वाडग्यात फार तर ५ मिलिग्रॅम. सेलिॲक असलेल्या बहुतेकांना दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंत सोसतं असं धरतात, आणि २००७ साली आलेल्या एका अभ्यासात रोज ५० मिलिग्रॅम तीन महिने दिल्यावर आतड्याच्या अस्तराला इजा दिसली होती. आता एक ग्रॅम मैद्यात ग्लूटेन साधारण ८० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. एक ग्रॅम! सुपात पडलेला नूडल्सचा चुरासुद्धा तेवढा सहज भरेल. आणि त्रास लगेच दिसतोच असं नाही, पोट दुखलं नाही म्हणजे आत सगळं आलबेल असं धरू नका. आमच्याकडे लग्नात म्हातारी माणसं भाचीला प्रेमाने म्हणतात, "वायच पी गो, कायएक होवचा नाय." प्रेम कळतं, पण नाय.

चिनी लोक भात खातात हे दक्षिण चीनपुरतं बरंचसं खरं. उत्तरेत गव्हाच्याच नूडल्स, वाफवलेले पाव, डंपलिंग. जगात सगळ्यात जास्त गहू पिकवणारा देशच चीन आहे, आपण दुसरे. तिथे तर कणकेचा गोळा पाण्यात धूत राहायचा, स्टार्च निघून गेला की उरलेलं चिवट ग्लूटेन शिजवून भाजीसारखं खायचं, असा पदार्थ आहे. तिथल्या हॉट अँड सावर सुपात जे काळं व्हिनेगर घालतात ते तांदळाचं असलं तरी ते करताना गव्हाचा कोंडा वापरतात. आणि मंचाव तर मुळात चीनचं नाहीच, ते आपल्याकडचं.

अजिनोमोटो. यातली गंमत अशी की १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी प्राध्यापकांनी ती चव शोधली, आणि सुरुवातीची कित्येक वर्षं तो पदार्थ खरंच गव्हाच्या ग्लूटेनपासून काढायचे. पण आता तो ऊस, टॅपिओका वगैरेंपासून आंबवून करतात. तुम्हाला तो नको असेल तर नका खाऊ, पण तो काढल्याने सुपातला गहू कमी होत नाही.

फॉरवर्डखाली एकाने लिहिलं होतं, आपण भात-मासे खाणारी माणसं, आपल्याला हे आजार नसतातच. बाबा, सेलिॲक उत्तर भारतात जास्त दिसतो हे बरोबर, पण आपल्या ताटातला गहू जरा मोज ना! सुरमई घोळवतो तो रवा गव्हाचा. वड्याच्या पिठात बऱ्याच घरी गहू असतो. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं. आणि संशय असेल तर आधी टीटीजीची, म्हणजे सेलिॲक ओळखायची, रक्ततपासणी करा, तोपर्यंत गहू सोडू नका, सोडलात तर रिपोर्ट खोटा नॉर्मल येऊ शकतो.

सूप प्यायचंच असेल तर घरी करा. बाहेरच नाइलाज झाला तर सोया सॉस न घातलेलं स्वीट कॉर्न त्यातल्या त्यात बरं, पण कढईचा प्रश्न तिथेही आहेच, सेलिॲकवाल्याने तेही टाळलेलंच बरं. घरी आलं-लसूण-मिरची बारीक चिरून परतायची, कोबी, गाजर, फरसबी, पाणी, मीठ, मिरपूड, गहू नसलेला सोया सॉस मिळाला तर तो, नाहीतर चमचाभर कोकमाचं आगळ. रंग वेगळा येतो, आंबटपणा छान येतो. कॉर्नफ्लोअर पाण्यात कालवून लावायचं. नूडल्स हव्याच असतील तर तांदळाचे शिरवाळे तोडून घाला, आणि वरच्या कुरकुरीतपणाला पातळ पोहे तळून टाका, फक्त पुऱ्या तळून उरलेल्या तेलात तळू नका.