मोंढ्यातलं क्रोम 109

लातूरच्या मोंढ्यात एका आडत दुकानाची वेबसाईट मी सांभाळतो, आणि मुनीमजींचा फोन आला की मला आधीच कळतं काय असणार. "सर, सोयाबीनचा भाव खाली गेला अन् शेठचा फोटो त्याच्यावर चढून बसलाय, बघा जरा." भाव खाली म्हणजे स्क्रीनवर हो, बाजारात नाही. माझ्याकडं सगळं चकाचक, मोबाईलवर चकाचक, राडा फक्त मुनीमजींच्या विंडोज 7 वर. मायक्रोसॉफ्टनं त्याला जानेवारी 2020 मध्ये हात जोडले, 2023 मध्ये क्रोमनं पण, तेव्हापासून ते 109 व्हर्जनवर जे अडकलंय ते अडकलंय. आणि मला सवय नेस्टिंगवालं सीएसएस (पानाची मांडणी अन् रंग ठरवणारा कोड, एका नियमाच्या पोटात दुसरा नियम घालून) लिहायची, जे क्रोमला कळतंय 112 पासून.

नवं कॉम्प्युटर घ्या म्हणलं तर, "हिशोब होतेत की याच्यावर, मग बिघडलंय काय?" आता याला काय उत्तर देणार.

आमच्या धंद्यातला नियम तसा सोपाय, जुना ब्राउझर वापरणारे एक-दोन टक्क्यांच्या खाली आले की सोडून द्यायचं. आकडे काढले तर मुनीमजी एका टक्क्यात पण बसंनात. शेतकरी सगळे मोबाईलवर भाव बघतेत, त्यांचं क्रोम आपोआप अपडेट होतंय, एक तक्रार नाही. पण माझं बिल पास कोण करतंय? मुनीमजी! हा टक्का कुठल्याच चार्टमध्ये दाखवत नाहीत बघा.

मोठ्यांचं बरंय, यूट्यूबनं 2010 मध्येच आयई 6 ला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या जुन्या इंटरनेट एक्सप्लोरर ब्राउझरला, रामराम केला. मायक्रोसॉफ्टनं तर 2011 मध्ये स्वतःच्याच आयई 6 ला घालवायला काउंटडाऊनची वेबसाईट काढली होती, मग 15 जून 2022 ला आयई 11 पण रिटायर केलं, तरी एज या त्यांच्या नव्या ब्राउझरमध्ये जुन्या साईटसाठी आयई मोड ठेवलाच, किमान 2029 पर्यंत. जावई कितीबी म्हातारा झाला तरी धोंड्याच्या महिन्यात त्याला अनारसे वाढावेच लागतेत, तसं.

शेवटी मीच ठरवलं. भाव, पत्ता, फोन नंबर साध्या एचटीएमएलमध्ये, कुठल्याबी डबड्यावर दिसणार. सरकणारे फोटो अन् रंगीत पेट्या जुन्यावर दिसल्या तर दिसल्या, आणि सगळं हुबेहूब पाहिजे असेल तर वेगळे पैसे. शेठला आकडा सांगितला.

"एवढ्यात तर कॉम्प्युटर येतंय की!"

"तेच म्हणायलोय ना शेठ."

शेठनं खरंच घेतलं. ते बसलं शेठच्या केबिनमध्ये, मुनीमजी अजून 109 वरच आहेत. फक्त आता बिलं शेठच पास करायलेत, म्हणून त्याच आठवड्यात मी मुनीमजींचा सपोर्ट बंद केला.