५० तासांचा हिशेब

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं, शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तास व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. तालुक्याच्या प्रशिक्षणाची जबाबदारी तुमच्यावर आलीय म्हणून सांगतो, यातला महत्त्वाचा शब्द 'विकास' नव्हे, 'तास'.

आधी बॅनर, मग हजेरीपत्रक, मग जिओटॅग फोटो. विषय सापडला तर उत्तमच.

तारीख भातलावणीच्या ऐन पावसातली धरा. द्विशिक्षकी शाळेतली एक बाई पहिल्या एस.टी.ने तुमच्याकडे येईल, मागे राहिलेले गुरुजी चारही वर्ग एकटे सांभाळतील. तेही एक प्रशिक्षणच, पण त्याचे तास मोजायचे नाहीत.

मजकुराची काळजी नको. नारळाचं पहिलं दूध राज्याच्या पातळीवर निघतं, दुसरं जिल्ह्याला, तिसरं तालुक्याला. आसपासच्या शाळांच्या केंद्रावर पोचतो तो चोथा. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारा, त्यावर गरम पाणी ओततो आणि म्हणतो, "हीच बरं का अस्सल सोलकढी."

एखादी बाई हमखास विचारेल, "सर, ५०२ मधून १७८ वजा करताना मधलं शून्य आलं की माझी तिसरीची मुलं अडतात. काय करू?" म्हणावं, "छान प्रश्न! चहानंतर घेऊ." चहानंतर संकोच घालवायचा 'आइसब्रेकर', म्हणजे बर्फ फोडण्याचा खेळ घ्या. कोकणात बर्फ मासळीच्या खोक्यातच असतो, तरी फोडायचा.

१९४५ साली बोर्डीत ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालशिक्षणाच्या कामाला सुरुवात केली. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. तसं प्रशिक्षण शिक्षकाच्या वर्गात नेण्याचा मोह तुम्हालाही होईल. आवरा. नाहीतर मग दोघा शिक्षकांनी मिळून पाठ आखायचा, एकाने शिकवायचं, दुसऱ्याने फळ्याकडे न बघता मुलांकडे बघत बसायचं, महिन्याभराने परत यायचं. जपानातले शिक्षक शंभराहून अधिक वर्षं हेच करतायत. पण यात बॅनर टांगणार कुठे?

संध्याकाळी मात्र एस.टी. थांब्यावर लक्ष असू द्या. परवाच एक वयस्क बाई तिथे नारळाच्या झापाचे हीर, म्हणजे पातीच्या काड्या, मोडून जुडगे बांधत होत्या. "शंभराचा एक जुडगा सोड, दहाचे दहा होतील. त्यातला एक परत सोड. आता बघ, चार शेकडे, नऊ दशक, बारा सुटे." सकाळची प्रश्नकर्ती मान डोलावत होती. गाडी पाऊण तास उशिरा आली, तोवर हे चाललं होतं. सही नाही, फोटो नाही!

आगाराला पत्र लिहा. गाडी वेळेवर सोडायला सांगा.