आधी पाच तारे, मग कार्ड मशीन

बिल आलं तेव्हा त्यासोबत कार्ड मशीन आलं नाही. क्यूआर कोडची एक छोटी पाटी आली आणि ती धरून उभा असलेला बावीस-तेवीस वर्षांचा पोरगा. "सर, हे स्कॅन करून फाइव्ह स्टार देऊन द्या ना. खाली माझं नाव टाका. मग मशीन आणतो. आइस्क्रीम फ्री आहे." पाटी त्याने माझ्या नवऱ्यासमोर धरली. टेबल मी बुक केलं होतं, ऑर्डर मी दिली होती, पैसे मी देणार होते. पण अख्ख्या संध्याकाळी त्या पबवाल्यांना टेबलावर दोनच माणसं दिसली, माझा नवरा आणि माझा दादा. वहिनी आणि मी जणू त्यांच्यासोबत आलेल्या पिशव्या.

चार दिवस झाले तरी माझा संताप गेलेला नाही. जेवण वाईट होतं, दारू वाईट होती, ते सगळं सांगतेच. पण खरा राग त्या ताऱ्यांचा आहे. कारण त्या ताऱ्यांवर विश्वास ठेवूनच मी दादाला तिथे घेऊन गेले.

दादा दोन वर्षांनी नागपूरला आला. डिसेंबर, अधिवेशनाचे दिवस, शहरात पाय ठेवायला जागा नाही. म्हटलं शनिवारची संध्याकाळ आहे, चांगल्या ठिकाणी नेऊ. मोबाइल उघडला, गूगलवर चारच्या वर रेटिंग, हजारोंनी अभिप्राय. "सर्व्हिस अप्रतिम", "अमक्याने खूप छान सर्व्ह केलं", "तमक्याने खूप काळजी घेतली". तेव्हा मला वाटलं, बाप्पा, वेटरचं नाव लक्षात ठेवून कौतुक करतात लोक, म्हणजे जागा खरंच भारी असणार. आता कळलं ती नावं तिथे कशी येतात. आणि आता वाटतं, ते वाचताना माझ्या लक्षात कसं आलं नाही की इतक्या लोकांनी वेटरचं नाव लिहिलंय आणि एकानेही काय खाल्लं ते लिहिलं नाही!

आम्ही सव्वासातला दारात होतो. बुकिंग साडेसातचं. आठपर्यंत 'एकावर एक' ऑफर असं बाहेर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, फोनवरही तेच सांगितलं होतं. दारावरच्या मुलीने यादी पाहिली आणि पाच मिनिटं थांबायला सांगितलं. आत काचेतून तीन टेबलं रिकामी दिसत होती. मी दोनदा विचारलं. "ते रिझर्व्ह आहेत, मॅडम." आमचं काय होतं मग? आठ वाजून दहा मिनिटांनी आम्हाला बसवलं, आणि कुठे? त्या तीन रिकाम्या टेबलांपैकीच एकावर. मेन्यू हातात घेतला तर पोरगा म्हणतो, "ऑफर संपली, मॅडम. सिस्टीममधे आठच्या बाद लागतच नाई." मॅनेजरला बोलावलं. तो आला, दादाकडे पाहून बोलला, की ऑर्डर किती वाजता पंच झाली त्यावर ऑफर ठरते. सव्वासातला आलेल्या माणसाला आठच्या आत बसूच द्यायचं नाही आणि मग घड्याळ दाखवायचं, ही चोरी आहे. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

दादा आणि नवरा व्हिस्की घेणारे. साठ मिलीचा पेग ५६० रुपयांना. दोन पेग एकत्र आले, एकाच मापाचे ग्लास, बर्फ वेगळा मागवलेला, म्हणजे लपवायलाही काही नाही. दोन्ही ग्लासांतली पातळी वेगवेगळी. नुसत्या डोळ्यांना दिसेल इतकी. दादा म्हणाला, "काय गं, हे साठ आहे का?" मी पोराला म्हटलं, बारमधून मेजर आण आणि आमच्यासमोर मोजून दाखव. तो गेला आणि मॅनेजरच परत आला. म्हणे आमचा बारटेंडर मोजून नाही, हाताच्या अंदाजाने ओततो, त्याला सवय आहे.

अंदाजाने? ५६० रुपये मी अंदाजाने देणार आहे का?

साधा हिशोब आहे. बाटली ७५० मिलीची. साठच्या मापाने तिच्यातून साडेबारा पेग निघतात. पेग पन्नासचा भरला तर पंधरा निघतात. अडीच पेग जास्त, म्हणजे ५६०च्या भावाने एका बाटलीमागे १,४०० रुपये. शनिवारी रात्री अशा किती बाटल्या उघडत असतील? त्यांनी आम्हाला किती मिली दिलं ते मला माहीत नाही, कारण त्यांनी मोजूच दिलं नाही. याच गोष्टीचा राग आहे. किराणा दुकानदाराने वजनकाटा न लावता "सवय आहे" म्हणून डाळ दिली तर आपण घेऊ का? २००९चा वैधमापनशास्त्र कायदा पेगच्या मापालाही लागू आहे. ते माप तपासलेलं आणि शिक्का मारलेलं असायला पाहिजे. सदर भागातल्या जुन्या परमिट रूममध्ये, जिथे दादा कॉलेजात असताना जायचा, तिथे वेटर टेबलावर स्टीलचं मेजर घेऊन येतो आणि डोळ्यांसमोर ओततो. तिथे चकणा म्हणून फुटाणे आणि काकडी फुकट मिळतात. इथे मसाला पापडाचे १८० रुपये.

बियरचा पिचर आला १,४५० रुपयांचा. वरचा तिसरा हिस्सा फेस. आणि कोमट. नागपूरच्या डिसेंबरात, जिथे रात्री आम्ही स्वेटर घालून फिरतो, तिथे कोमट बियर! केगमधली, म्हणजे पिंपातली, बियर नीट थंड नसली की तिच्यातला गॅस नळातून बाहेर येताना फसफसून सुटतो आणि फेसच फेस होतो. म्हणजे फेस आणि कोमटपणा हा एकाच निष्काळजीपणाचा हिशोब आहे. फेस बसल्यावर वरून भरून द्या म्हटलं. "हो, आणतो" म्हणून जो गेला तो गेला.

मी स्वतःसाठी संत्र्याचं कॉकटेल मागवलं. मेन्यूत त्याला नागपूरचं नाव दिलेलं, शेजारी संत्र्याचं चित्र, ६२० रुपये. पहिल्या घोटालाच कळलं, बाटलीतलं सरबत. जिभेवर चिकट गोड आणि मागे औषधासारखी चव. अहो, डिसेंबर आहे! आंबिया बहाराची संत्री बाजारात आली आहेत, कळमन्याच्या मार्केटात ढीग लागलेत, रस्त्यावर हातगाड्या भरल्या आहेत. नागपुरी संत्र्याला २०१४ साली जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं. त्या गावात बसून, त्या महिन्यात, तुम्हाला दोन संत्री पिळता येत नाहीत? आणि नाव मात्र आमच्या गावाचं लावायचं. दादाने मुद्दाम एक घोट घेऊन पाहिला आणि ग्लास परत ठेवला. मला लाज वाटली. माझं गाव मी त्याला दाखवायला नेलं होतं.

पण सावजीचं जे केलं त्याला मी माफ करणार नाही. मेन्यूत 'सावजी चिकन टाको', ४६५ रुपये, तीन नग. आमच्याकडे सावजी म्हणजे काय ते नागपूरकराला सांगायला नको, पण बाहेरच्यांनी वाचावं म्हणून सांगते. हा हलबा कोष्टी समाजाचा, विणकरांच्या घरचा स्वयंपाक. जवसाच्या तेलात, खोबरं, खसखस, दगडफूल, काळे मिरे भाजून वाटून केलेला काळपट रस्सा. तिखट असतो, पण नुसता तिखट नसतो. मसाल्याचा वास आधी नाकात जातो आणि तिखट मागून चढतं. इथे काय आलं? मैद्याची पोळी, तिच्यात टोमॅटो सॉसमध्ये घोळलेलं चिकन, वरून लाल तिखट भुरकलेलं, आणि सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, दोन पानं. मसाल्याचा वास नाही, खोबरं नाही. नुसतं घसा जाळणारं तिखट आणि त्यात साखर. तिखट केलं की झालं सावजी, असं समजणारा माणूस स्वयंपाकघरात आहे आणि ते चाखून पाहणारा कुणी नाही. घराघरांतल्या बायांनी पाट्यावर वाटून वाटून जे टिकवलं, ते यांनी नाव चोरून ४६५ला लावलं.

वहिनी शाकाहारी. तिचे मशरूम पन्नास मिनिटांनी आले, आमचं खाणं संपल्यावर, आणि थंड. तेवढा वेळ ती बिचारी शेंगदाणे खात बसली. गाणी इतकी मोठ्याने लावलेली की दोन वर्षांनी भेटलेल्या भावाशी मी ओरडून बोलत होते, आणि आवाज कमी करा म्हटल्यावर "डीजेला सांगतो" एवढंच.

त्या पोरावर माझा राग नाही, हे मला ठासून सांगायचं आहे. मी त्याला विचारलं, "काऊन रे, एवढा उशीर?" तो खालच्या आवाजात म्हणाला, "म्याडम, आज तिघंच आहो. मी एकटा बारा टेबलं पाहून राहिलो." भंडाऱ्याकडचा होता. घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. शनिवारी रात्री भरलेल्या पबात तीन वेटर ठेवायचे, हा मालकाने केलेला हिशोब आहे. आणि त्या हिशोबाचे शिव्याशाप खायला पुढे हा पोरगा.

त्या सर्व्हिससाठी बिलात सर्व्हिस चार्ज होता. दहा टक्के. खाणं-पिणं मिळून ६,४०० रुपये, त्यावर ६४०. खाण्यावर ५ टक्के जीएसटी, ठीक आहे. दारूवर १० टक्के व्हॅट, तोही ठीक, १ नोव्हेंबर २०२३ पासून सरकारनेच तो पाचचा दहा केला. पण या लोकांनी सर्व्हिस चार्जच्या ६४० रुपयांवरही जीएसटी लावला होता. ३२ रुपये. एकूण ७,६०८. मी म्हटलं, हा सर्व्हिस चार्ज काढा. मॅनेजर म्हणाला, "सर, ही आमची पॉलिसी आहे, दारावर लिहिलंय." परत सर! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ला स्पष्ट सांगितलं आहे की बिलात आपोआप सर्व्हिस चार्ज लावता येत नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, २८ मार्च २०२५ला त्यांच्या याचिका फेटाळल्या गेल्या. मी हे सगळं त्या गोंगाटात ओरडून सांगितलं. नवरा म्हणत होता, "जाऊ दे ना, कायले डोकं खराब करून राहिली?" का जाऊ देऊ? मी १९१५ला, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावते म्हटल्यावर वीस मिनिटांनी नवीन बिल आलं. ६,९३६. म्हणजे ६७२ रुपये, जे आजूबाजूची टेबलं मुकाट्याने भरून जात होती.

पोराला मी विचारलं, सर्व्हिस चार्जमधलं तुला काय मिळतं? तो काही बोलला नाही. त्याने पाटी परत पुढे केली.

तेव्हा तो खरं काय ते बोलला. रोज किती फाइव्ह स्टार आले, कुणाच्या नावाने आले, ते रात्री मोजतात. कमी आले तर दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलणं खावं लागतं. म्हणून तो पाटी घेऊन बारा टेबलांवर फिरतो. म्हणून लोक मुकाट्याने देऊन टाकतात. समोर पोरगा उभा आहे, घरी जायची घाई आहे, कार्ड मशीन त्याच्या हातात अडकलंय, आइस्क्रीमची लालूच आहे. कोण त्याच्या तोंडावर एक तारा देणार? मोबदला देऊन अभिप्राय घेणं गूगलच्या स्वतःच्या नियमात बसत नाही. भारतीय मानक ब्युरोनेही नोव्हेंबर २०२२मध्ये अशा अभिप्रायांसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते पाळणं ऐच्छिक ठेवलं. ऐच्छिक! जो फसवतोय त्याच्या इच्छेवर.

माझ्यासारखी बाई रविवारी बसून, दहा ठिकाणं चाळून, अनोळखी माणसांच्या शब्दावर भरवसा ठेवून, घरच्यांना कुठे न्यायचं ते ठरवते. तो भरवसाच यांनी विकायला काढलाय. एका आइस्क्रीमच्या गोळ्यावर.

आइस्क्रीम घेतलं नाही. पोराच्या हातात मी शंभराची नोट ठेवली आणि म्हटलं, तुझं नाव मी लिहिणार नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. बाहेर आलो तेव्हा मेट्रो बंद झालेली. रिक्षातून घरी. आईने त्या वेळी उठून पिठलं टाकलं, दादाने दोन भाकरी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एक तारा दिला आणि सगळं लिहिलं. दाराबाहेरची पंचावन्न मिनिटं, पेगची पातळी, सरबत, टाको, ६७२ रुपये. माझं नाव, माझा फोटो, सगळं तिथे दिसतं. संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. "प्रिय सर, आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार. आपण पुन्हा सेवेची संधी द्याल अशी आशा."

मी खाली दोन्ही बिलांचे फोटो टाकले आणि एकच प्रश्न विचारला, तुमच्या बारमध्ये शिक्का मारलेलं मेजर आहे का. अजून उत्तर नाही. तेवढ्यात वर सहा नवीन पाच तारे आले आहेत, आणि सहाही ठिकाणी त्याच भंडाऱ्याच्या पोराचं नाव आहे.