पर्पल फेस्ट संपला, आता रविवारच्या मॅचचं बोला

२०२५ च्या ऑक्टोबरात ९ ते १२ तारखेला पणजीत पर्पल फेस्ट, म्हणजे दिव्यांगांचा मोठा उत्सव, झाला आणि त्या चार दिवसांत आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जी जुंपली तशी चवथीच्या खर्चावरून पण कधी जुंपली नव्हती. एक पार्टी म्हणे, काय मस्त, कुठून कुठून दिव्यांग लोक गोव्यात आलेत, खेळतायत, नाचतायत, अजून काय पाहिजे. दुसरी पार्टी म्हणे, सगळा इव्हेंटचा धंदा, मांडव उतरला की पुढच्या वेळेपर्यंत कोण विचारत नाही, आधी पंचायतीत रॅम्प बांधा मग फेस्ट करा. मी मध्ये तोंड घातलं तर आमचे एक काका लगेच, "सायबाच्या गांवांत रावून शाणो जालो मरे!" म्हणजे संपलंच, बाहेर राहणाऱ्याने गप्प बसायचं. ग्रुपवर बसलो गप्प. इथे नाही बसणार.

मी डिचोली तालुक्यातला. पोर्तुगीज पासपोर्ट काढून इंग्लंडात आलेल्या गोंयकारांची जी गर्दी स्विंडनला आहे त्यातलाच एक, वेअरहाऊसमध्ये शिफ्ट करतो. गावाकडे वाटतं इंग्लंड म्हणजे लंडन आणि लंडन म्हणजे सगळं टापटीप. तसलं काही नाही हो. याच २०२५ मध्ये इथल्या सरकारने अपंगांच्या भत्त्याचे नियम कडक करायला घेतले होते, स्वतःच्याच पक्षाचे खासदार उलटले तेव्हा कुठे माघार घेतली. त्यामुळे 'बघा आमच्याकडे कसं' हे सांगायचा मला काही हक्क नाही. मला इथल्या एका गोष्टीचं कौतुक आहे फक्त, आणि ती फुकट आहे.

दर शनिवारी सकाळी नऊ वाजता पार्करन असतो. २००४ च्या ऑक्टोबरात लंडनच्या बुशी पार्कात १३ जण पळाले, तिथून सुरू झालेला प्रकार, आता कितीतरी देशांत पसरलाय. पाच किलोमीटर, फी नाही, पळा, चाला, व्हीलचेअरवर या, बाबागाडी ढकलत या. आमच्याकडे लिडियर्ड पार्कात होतो. यात टेल वॉकर म्हणून एक व्हॉलंटियर असतो, त्याचं काम एकच, सगळ्यांच्या मागे राहायचं. म्हणजे तुम्ही कितीही हळू असा, तुमच्या मागे कोणीतरी आहेच, आणि शेवटचा नंबर त्याचा लागतो, तुमचा नाही. एवढी साधी आयडिया, पण ज्याने काढली त्याला मानलं पाहिजे.

मी अधूनमधून हे काम करतो. एक आजोबा येतात, पार्किन्सन्स आहे, चाकांचा वॉकर ढकलत येतात. चिखल असला की वॉकरची पुढची चाकं रुततात, मग ते थांबतात, वॉकर थोडा मागे ओढतात, तिरका करतात आणि परत ढकलतात. मी हात लावायला गेलो की मान हलवतात, नको म्हणून. तास उलटून जातो आणि तो सगळा वेळ आम्ही दोघं स्विंडन टाऊनच्या डिफेन्सला शिव्या घालत असतो. फिनिशला बारकोड स्कॅन होतो, बाई "वेल डन" म्हणते आणि लगेच कोन गोळा करायला लागते. कोणी रांगेत उभं राहून टाळ्या पिटत नाही, कोणी फोटो काढून खाली 'इन्स्पिरेशन' लिहीत नाही, कारण ते पुढच्या शनिवारी परत येणार आहेत आणि दर आठवड्याला कोणाच्या डोळ्यात पाणी येणार?

मला वाटतं ग्रुपवरच्या दोन्ही पार्ट्यांना नेमकं हेच दिसत नाही. एकीला वर्षातून एकदा गहिवरायचं आहे, दुसरीला वर्षभर चिडायचं आहे. रविवारी सकाळी दिव्यांग माणसाबरोबर खेळायचं कोणालाच नाही.

आता आमच्या गावात या. भात कापून झालं की मळ्यात पिच तयार होतं, डिसेंबर ते मे नुसत्या टुर्नामेंटी, चषकावर चषक. आमच्या वाड्यावर एक मुलगा आहे, मुलगा कसला, तिशीचा झाला आता, डाऊन सिंड्रोम आहे त्याला. टुर्नामेंटच्या दिवशी सकाळी सगळ्यात आधी हा हजर. स्टंप पुरायला हा, पाण्याचा कॅन वाहायला हा, बाउंड्रीपलीकडे कापलेल्या भाताच्या खुंटांत बॉल गेला की अनवाणी धावत शोधायला हाच, आणि तो शोधतो पण बरोबर, दुसऱ्या कोणाला सापडत नाही. विकेट पडली की त्याचा नाच ठरलेला, अनाउन्सर माइकवरून त्याचं नाव घेतो. बक्षीस समारंभात सरपंच त्याला टी-शर्ट देतात, अख्खा गाव ओरडतो. आणि टीममध्ये? एकदासुद्धा नाही. कोणी दुष्ट आहे म्हणून नाही बरं का, "त्याला लागेल रे", "बिचारा दमतो", "फायनलचा मामला आहे", असंच सगळं, प्रेमानेच.

इकडे इंग्लंडात उलटं आहे. असा माणूस आपल्या रस्त्यावर राहतो हे शेजाऱ्याला वर्षानुवर्षं माहीत नसतं, कोणी त्याला नावाने हाक मारत नाही, पण आठवड्याला त्याची खेळाची वेळ ठरलेली असते आणि तिथे तो खेळतो. तिकडे अख्खा गाव ओळखतो, जेवायला बसवून घेतो, आणि पाणी वाहायला लावतो. ओळख ही खूप मोठी गोष्ट आहे, ती इथे पैसे टाकून मिळत नाही, तेव्हा गोव्याच्या हातात अर्धं काम आधीच झालेलं आहे असं मला खरंच वाटतं.

हे बोललो की ठरलेलं उत्तर येतं, की अशा लोकांना घेतलं तर मॅचला मॅचपण राहत नाही, मग सगळेच त्याला मुद्दाम सोपा बॉल टाकणार, तो आउट झाला तरी नॉट आउट देणार, त्यात त्याचाही अपमानच. मुद्दा बरोबर आहे! म्हणून तर यात दयामाया बाजूला ठेवून नियम लावायचे असतात, आणि ते नियम बसवलेले आहेत, आपल्याला नवीन शोधायचे पण नाहीत.

ब्लाइंड क्रिकेट घ्या. २३ नोव्हेंबर २०२५ ला कोलंबोत आपल्या मुलींनी नेपाळला हरवून अंध महिलांचा पहिला टी-ट्वेंटी वर्ल्ड कप जिंकला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले, पण तो गेम चालतो कसा हे किती जणांनी बघितलं? अकरा जणांत सगळे सारखे नसतात. बी-वन म्हणजे पूर्ण अंध, बी-टू म्हणजे अगदी थोडं दिसणारे, बी-थ्री म्हणजे त्याहून जरा जास्त, आणि टीममध्ये बी-वनवाले किमान चार पाहिजेतच, हे कॅप्टनच्या मर्जीवर नाही. बॉल प्लास्टिकचा, आत छर्रे असतात, ते खुळखुळतात. बॉलिंग अंडरआर्म, बॉल सरपटत यायला पाहिजे, पिचच्या अर्ध्याच्या आत टप्पा पडलाच पाहिजे. टाकायच्या आधी बॉलर "रेडी?" विचारतो, बॅट्समनने "येस" म्हटलं की "प्ले" म्हणून टाकायचा. आणि पूर्ण अंध खेळाडूने काढलेली प्रत्येक रन दुप्पट मोजतात. आता बघा, या एका नियमाने काय होतं, तो बी-वनवाला टीमवरचा भार राहत नाही, कॅप्टनला तो हवा असतो, कारण त्याने काढलेली चौकार म्हणजे आठ. कोणाला दया दाखवायची गरजच उरली नाही, हिशोबच तसा लावला.

अंडरआर्म म्हटलं की आपल्याकडचा शेंबडा पोर पण तज्ज्ञ. आपल्या अंगणात, देवळासमोर, "भिंतीला लागली तर दोन, विहिरीपलीकडे गेली तर आउट" असले नियम जागेवर बनवणारे आपण, आणि एका माणसासाठी नियम वाकवायचा म्हटला की आपल्याला एकदम लॉर्ड्स आठवतं.

दुसरं उदाहरण स्पेशल ऑलिम्पिक्सचं. १९६८ मध्ये शिकागोत सुरू झालं, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी. त्यांच्यात युनिफाइड स्पोर्ट्स म्हणून प्रकार आहे, बौद्धिक अक्षमता असलेले आणि नसलेले एकाच टीममध्ये. सेव्हन-ए-साइड फुटबॉलला मैदानात चार अ‍ॅथलीट (म्हणजे अक्षमता असलेले) आणि तीन पार्टनर (नसलेले), हे गणित ठरलेलं. पार्टनर पण असा निवडायचा की जो वयाने, खेळाने साधारण जोडीचा आहे, डिस्ट्रिक्ट लेव्हलचा स्ट्रायकर आणून सगळे गोल त्याने मारायचे असं चालत नाही. शिवाय फायनलच्या आधी टीम तपासून सारख्या ताकदीच्या टीम एका गटात टाकतात, म्हणून मॅच चुरशीची होते, कधी कधी पेनल्टीपर्यंत जाते. सेव्हन-ए-साइड! गोव्यात हा फुटबॉल कोणाला शिकवायला लागणार आहे का? २०१९ मध्ये अबूधाबीला यांचे वर्ल्ड गेम्स झाले, भारताने ३६८ मेडल्स आणली, २०२३ ला बर्लिनमध्ये २०२. गल्फमध्ये आपली अर्धी घरं आहेत, तरी त्याची चर्चा गावात कधी ऐकली नाही मी.

आता कोणी म्हणेल मग वेगळ्या स्पर्धा बंद करा, सगळं एकत्रच घ्या. ते पण नको. पॅरिसला २०२४ मध्ये पॅरालिम्पिक्समध्ये भारताची २९ मेडल्स, ऑलिम्पिक्समध्ये सहा. आटपाडीकडचा सचिन खिलारी १६.३२ मीटर गोळा फेकून सिल्व्हर आणतो तो त्याच्या अपंगत्वाच्या वर्गातच, आणि तो वर्ग पाहिजेच. वरच्या लेव्हलला वेगळं लागतं. त्यातही शीतल देवीसारखी मुलगी, हात नाहीत, पायाने धनुष्य धरते, २०२५ मध्ये सर्वसाधारण खेळाडूंबरोबर ट्रायल देऊन तिसरी आली आणि भारताच्या ज्युनियर टीममध्ये गेली. तिला कोणी कोटा दिला नाही. पण मी पदकांबद्दल बोलत नाहीये, मी आमच्या मळ्यातल्या मॅचबद्दल बोलतोय, जिथे तसंही अर्ध्या लोकांना पोट सुटलेलं असतं आणि रन आउट झाल्यावर पाणी प्यायला पंधरा मिनिटं लागतात. तिथे दर्जाची एवढी काळजी कशाला?

(पार्करनमध्ये पण हे भांडण झालंय. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांनी वेबसाइटवरून कोर्स रेकॉर्ड वगैरे काढून टाकले, हळू येणाऱ्यांना दडपण येतं म्हणून, तर फास्टवाले जाम भडकले. मला पण ते पटलं नाही. आजोबांना कोणाच्या रेकॉर्डशी देणंघेणं नव्हतं, त्यांना वाटेतला चिखल कमी हवा होता.)

रॅम्प पार्टीला पण दोन शब्द. कायदा तुमच्या बाजूने आहे, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ३० खेळावरच आहे, मैदानं-सोयी सगळ्यांना वापरता येतील अशा करायला सांगितल्यात. २०२३ ला नॅशनल गेम्स गोव्यात झाले, ४३ खेळ, स्टेडियमं आहेत आपल्याकडे, ती तालुक्यातल्या पोरांना दर आठवड्याला का उघडी नाहीत हे विचारा, जरूर विचारा. पण 'आधी रॅम्प, मग खेळ' हे मला पटत नाही. १९४८ च्या जुलैत लंडन ऑलिम्पिक्सचं उद्घाटन होतं त्याच दिवशी स्टोक मँडविल हॉस्पिटलच्या आवारात डॉक्टर गुटमन यांनी १६ जखमी सैनिकांना व्हीलचेअरवर बसवून धनुष्यबाण दिले, तिथून आजचं पॅरालिम्पिक्स आलं. त्या वेळी इंग्लंडात रॅम्प कुठे होते? माणूस दर आठवड्याला मैदानावर यायला लागला, त्याची गाडी गटारापाशी अडली, चार जणांना उचलून न्यायला लागलं, की पाचव्या वेळी त्या चार जणांच्या कंबरा बोलतात आणि पंचायतीत अर्ज जातो. कोण येतच नसेल तर रॅम्प बांधतील आणि त्यावर स्कूटर पार्क करतील, बघितलंय आपण.

आणि फेस्टवाल्यांनो, २०२३ च्या जानेवारीत पहिला पर्पल फेस्ट झाला तेव्हापासून लोक आपल्या मुलांना घेऊन उघड बाहेर पडायला लागले, हे मोठं काम झालं, मी नाकारत नाही. फक्त त्याची शाखा मळ्यात काढा.

मी आमच्या क्लबला सांगितलंय की या सीझनच्या टुर्नामेंटमध्ये नियम घाला, प्रत्येक टीममध्ये अकरात दोन दिव्यांग खेळाडू पाहिजेत, आजूबाजूच्या गावातले चालतील, दोन ओव्हर अंडरआर्म ठेवा, त्या ओव्हरमध्ये त्यांच्या रन दुप्पट. सेक्रेटरी म्हणाला खुळखुळणारा बॉल तिकडून पाठव, मी म्हटलं अरे तो भारतातच मिळतो, मागव. मग म्हणाला दोन नको, एक ठेवूया. मग म्हणाला आपण त्याची वेगळी एक्झिबिशन मॅच घेऊ, सकाळी, वेगळा चषक, प्रमुख पाहुणे पण येतील. मी म्हटलं वेगळा चषक अजिबात नको, पाहुणे पण नको, एकच टुर्नामेंट, एकच चषक. त्यावर कमिटीची मीटिंग घेतो म्हणालाय. मीटिंग अजून झालेली नाही, तोपर्यंत क्लबमधल्या कोणाला हे वाचून त्याच्या मागे लागायचं असेल तर खुशाल लागा.