रात्रीच्या लाईटवरचा बर्फ

मी बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. हिमरेषा, हिमनदी, हिमवृष्टी हे शब्द फळ्यावर लिहून कितीतरी खडू झिजवले. पण प्रत्यक्ष बर्फ माझ्या ओळखीचा दोनच ठिकाणचा. एक रसवंतीवर गोणपाटात गुंडाळलेली लादी, आणि दुसरी कुणाच्या घरी माणूस गेल्यावर मुंबई-पुण्याची मंडळी पोचेपर्यंत आणतात ती. त्यामुळे लेक फोनवर म्हणाली, "बाबा, यंदा तुम्हाला बर्फावर नेणार," तेव्हा मला आधी दुसरी लादीच आठवली.

लेक राहते अमेरिकेत, सिएटलला. 47 अंशांवर. अक्षांश म्हणतोय मी. आमच्याकडे 47 अंश म्हटलं की मे महिन्यातलं भुसावळ. दिवाळी आटोपून आम्ही दोघं दोन महिन्यांसाठी तिकडे गेलो, तर त्या घरात सकाळी उठून कुणी देवाकडे बघत नव्हतं, सगळे मोबाईलवर डोंगर बघत होते. डोंगरावर कॅमेरा लावलेला असतो. त्याच्यासमोर आकडे लिहिलेली एक पट्टी उभी केलेली असते आणि बर्फ पट्टीच्या कितव्या आकड्याला लागला ते घरबसल्या दिसतं. जावईबापू दात घासता घासता पट्टी बघत, लेक डबा भरता भरता बघे. सहा वर्षांचा नातू तर मला उठवायलाच यायचा, "आबा, चार इंच!"

हे मला नवीन नव्हतं. चोपडा तालुक्यात आमचं गाव, तिथे माझा थोरला भाऊ, नाना, केळी करतो. जूनमध्ये तो ओट्यावर उभा राहून सातपुड्याकडे असाच बघतो. ढग आले का, आले तर काळे का, काळे तर थांबणारे का जाणारे. फरक एवढाच की नानाने पावसाचे पैसे आधी भरलेले नसतात. तिकडे स्कीइंगचा, म्हणजे पायाला फळ्या लावून बर्फावरून घसरण्याचा, वर्षाचा पास उन्हाळ्याच्या आतच घेऊन टाकतात, तेव्हा स्वस्त पडतो म्हणे. म्हणजे बर्फाचा पत्ता नाही, डोंगर हिरवागार, आणि हे लोक पैसे भरून मोकळे. मी जावईबापूंना म्हणालो, "बापू, हा पास नाही, ही पेरणी आहे." ते हसले. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात हसू मावळलं.

झालं असं, की पट्टीवर बर्फ चांगला गुडघाभर चढला, एक-दोन उतार उघडल्याची बातमी आली, आणि त्याच शनिवारी धो धो पाऊस. बर्फ नव्हे, पाऊस. हवाई बेटांकडून उबदार, दमट वाऱ्यांचा एक लांबलचक पट्टा त्या किनाऱ्यावर येऊन आदळतो, आणि डोंगरावरचा कोवळा बर्फ धुऊन नेतो. तिकडे त्याला पाईनॅपल एक्सप्रेस म्हणतात. आम्ही भुसावळ जंक्शनच्या मुलखातली माणसं, इतक्या एक्सप्रेस पाहिल्या, पण सगळ्यांचं सामान धुऊन नेणारी ही पहिलीच. घरात सुतक आल्यासारखं झालं. मी समजूत घातली, "दुबार पेरणी. होतं असं. मृगाच्या पहिल्या सरीवर कधी भुलू नये."

दहा-बारा दिवसांनी पुन्हा थंडी पडली, पट्टी पुन्हा चढली, आणि एका बुधवारी संध्याकाळी आम्हाला गाडीत घालण्यात आलं. बुधवार का, तर जावयांना शनिवार-रविवारची गर्दी नको. संध्याकाळ का, तर दिवसा ऑफिस. आणि तिकडे डिसेंबरात साडेचारच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळे ऑफिस सुटल्यावर जे काही करायचं ते रात्रीच. म्हणून डोंगरावर खांब रोवून दिवे लावतात आणि लोक रात्री नऊ-दहापर्यंत घसरत राहतात.

"रात्री? डोंगरावर?" आमच्या हिने विचारलं. "आणि दिवे गेले तर?"

या प्रश्नाचं उत्तर त्या गाडीत कुणाकडेही नव्हतं, कारण दिवे जातात ही कल्पनाच मागच्या सीटपलीकडे कुणाला नव्हती.

सिएटलहून स्नोक्वाल्मी खिंड म्हणजे जळगावहून धुळे, अंतर साधारण तेवढंच. खिंडीची उंची 921 मीटर. मी मनात लगेच आकडेमोड केली: आमचं तोरणमाळ याच्याहून उंच! पण तोरणमाळ जेमतेम 22 अक्षांशावर, तिथे फार तर गवतावरचं दव गोठतं. हे मी दहावीच्या वर्गात शेकडो वेळा सांगितलंय, "केवळ उंचीने बर्फ पडत नाही, अक्षांशही लागतो." मागच्या बाकावरचं कुणी ऐकत नसे. त्या दिवशी गाडीतही कुणी ऐकलं नाही.

जावईबापू इंजिनीअर. बर्फ कमी पडला तर तो तयार कसा करतात हे त्यांनी वाटेत समजावायला घेतलं. तोफेसारखं यंत्र असतं, ते दाबाची हवा आणि पाणी एकत्र करून बारीक फवारा उडवतं, खाली पडेपर्यंत थेंबांचा बर्फ होतो. "पण नुसती थंडी पाहून चालत नाही बाबा, वेट बल्ब टेंपरेचर लागतं, म्हणजे हवेचा ओलावा धरून मोजलेलं तापमान. साधारण उणे दोनच्या खाली. हवा कोरडी असली तर थर्मामीटर शून्याच्या किंचित वर असतानाही जमतं. दमट असली तर शून्याच्या खाली जाऊनही जमत नाही."

"म्हणजे कूलर," मी म्हणालो.

"काय?"

"एप्रिल-मेमध्ये आमचा कूलर खोलीचं काश्मीर करतो. जूनमध्ये ढग आले की तोच कूलर, तेच पाणी, आणि नुसती चिकचिक. कोरड्या हवेत पाण्याची वाफ होते, जाताना ती उष्णता घेऊन जाते, उरलेलं गार होतं. तुमचा थेंब जरा जास्त गार होतो, इतकंच."

जावईबापूंनी आरशातून माझ्याकडे बघितलं. लग्नाला नऊ वर्षं झाली, सासऱ्याकडे त्यांनी असं प्रथमच बघितलं.

आणि हे सगळं करतात रात्री, कारण गारठा रात्री वाढतो. रात्री दोन वाजता माणसं नळ्या ओढत, तोफांची तोंडं फिरवत डोंगरावर हिंडतात. मला एकदम नाना आठवला. त्याचीही लाईट रात्रीची. थ्री फेज कधी रात्री साडेबाराला येते, कधी दोनला, आणि जानेवारीत पारा सात-आठवर आला की केळीवर चरका येतो, पानं पिवळी पडतात, वाढ खुंटते. मग नाना रात्री विहिरीचं पाणी बागेला सोडतो, कारण विहिरीचं पाणी थंडीत कोमट असतं. बांधावर काडीकचरा पेटवून धूर करतो. हे त्याला दुसऱ्या दिवशी फोनवर सांगितलं. तिकडे आणि इथे साडेतेरा तासांचा फरक, त्यामुळे आमची रात्र म्हणजे त्याची सकाळ. तो जरा वेळ गप्पच राहिला.

"म्हनजे त्या पानी मारीसन बरफ करतस," तो म्हणाला, "आन आपन पानी दीसन थंडी मोडतस. येडा शेतस का लोके?"

येडे कोण, हे त्याने स्पष्ट केलं नाही.

तर, डोंगराच्या पायथ्याशी. आधी बूट भाड्याने घ्यायचे. त्यासाठी फॉर्म: वजन, उंची, वय, आणि तुम्ही सावकाश जाणारे, मधले की वेगवाले. वजन पौंडांत लिहायचं. मी 159 लिहिलं, ते वाचून ही घाबरली. काउंटरवरच्या मुलाने आकडे पाहिले, तक्ता पाहिला आणि स्कीवरचा स्क्रू फिरवला. पडल्यावर बूट फळीपासून सुटला नाही तर पाय मोडतो, म्हणून तो किती घट्ट ठेवायचा याचं कोष्टक असतं. जावईबापूंनी सांगितलं, "वय पन्नाशीच्या पुढे गेलं की एक पायरी ढिला ठेवतात."

"पन्नाशीनंतर स्क्रू ढिला," ही म्हणाली. "हे मला कोष्टकाशिवाय माहीत होतं."

त्या बुटांबद्दल थोडं बोललंच पाहिजे. ते बूट नाहीत, ते दोन्ही पायांचं प्लॅस्टर आहे, वर चार-चार कड्या. घोटा वाकत नाही. चालताना आधी टाच, मग धाड्‌दिशी पुढचा भाग. पायऱ्या उतरताना मी कठडा सोडला नाही आणि मागे रांग लागली. स्वेटर, कानटोपी, मफलर, त्यावर जावयांचं जाकीट, त्यावर हेल्मेट, त्यावर गॉगल. रात्री गॉगल! इकडे लग्नाच्या वरातीत रात्री गॉगल घालणाऱ्यांना मी बत्तीस वर्षं नावं ठेवली होती.

उताराच्या तोंडाशी पिवळी पाटी: हंगामाची सुरुवात आहे, बर्फ पातळ आहे, खाली दगड, झुडपं, खुंट असू शकतात, जपून. आणि खरंच, दिव्याच्या उजेडात बर्फातून गवताची टोकं वर आलेली दिसत होती. बर्फाची म्हणून जी कल्पना असते, कापूस पिंजल्यासारखी, तसं तिथे काही नव्हतं. तिकडचा बर्फ ओला आणि जड. तिथल्या कॅस्केड डोंगररांगेवरून लोक त्याला चेष्टेने कॅस्केड काँक्रीट म्हणतात. तो दिवसा जरा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो, आणि वर एक चकचकीत, करकरीत पापुद्रा येतो. दिव्यांमुळे सगळं निळसर दिसतं, खळगा कुठे आणि उंचवटा कुठे काही कळत नाही. त्यात आपलीच सावली एका खांबाच्या दिव्याने पुढे पडते, दुसऱ्याच्या दिव्याने मागे. मी एकदा माझ्याच सावलीला "सॉरी" म्हणालो.

शिकाऊ लोकांसाठी वर जायला सरकता पट्टा असतो. त्याला मॅजिक कार्पेट म्हणतात. विमानतळावर बॅगा येतात तसली वस्तू, फक्त इथे बॅग म्हणजे आपण. माझ्या पुढे चार-चार वर्षांची पाच पोरं, मागे तीन. पट्ट्यावर ताठ उभं राहायचं, बस, एवढंच काम. मी ताठ उभा राहिलो. पण मागे वळून ही कुठे आहे ते बघितलं, आणि फळ्या उलट्या सरकू लागल्या. मागची तीन पोरं मी एकेक करून गोळा केली. ती रडली नाहीत. त्यातल्या एकाने मला हात देऊन उठवलं, ते जास्त लागलं.

वर एक पिकल्या केसांच्या बाई शिकवायला होत्या. नातू खालून ओरडत होता, "आबा, पिझ्झा! पिझ्झा!" फळ्यांची पुढची टोकं जवळ आणून मागची फाकवली की पिझ्झ्याच्या तुकड्याचा आकार होतो आणि वेग कमी होतो. फळ्या समांतर ठेवल्या की फ्रेंच फ्राईज, सुसाट. मुलांना असंच शिकवतात. ही खाली डब्यात पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन बसली होती. तिने त्याला दटावलं, "आबा आले की खाऊ, पिझ्झा कशाला?"

बाई मला म्हणाल्या, पिझ्झा जमत नसेल तर जुनं नाव सांगते, स्नोप्लाव. बर्फाचा नांगर.

नांगर म्हटल्यावर मी सुधारलो. लहानपणी आमचे वडील मला वखरावर वजन म्हणून उभं करायचे. समोर बैलांची ढुंगणं, पायाखाली लाकूड, मागे ढेकळं फुटत चाललेली, आणि आपण गुडघे किंचित वाकवून, तोल सांभाळत. मी तसाच उभा राहिलो. गुडघे वाकवले, टोकं जुळवली. आणि निघालो. चांगला दहा-पंधरा हात गेलो, हे माझ्या शत्रूंनीही मान्य करावं. मग वेग वाढला. वखराला बैल असतात, "होऽऽ" म्हटलं की थांबतात. मी "होऽऽ" म्हणालो. तीन वेळा. चौथ्यांदा म्हणालो तेव्हा नारिंगी जाळीत होतो, एक फळी पायात, दुसरी वाटेतच सुटलेली. पन्नाशीनंतरचा स्क्रू कोष्टकाप्रमाणे बरोबर सुटला होता.

हिने व्हिडिओ काढला. आम्ही गाडीत बसेपर्यंत तो लेकीच्या मोबाईलवर होता, खिंड उतरेपर्यंत गावच्या ग्रुपवर. त्यातला बर्फ कुणी पाहिला नाही, सगळ्यांनी "होऽऽ" ऐकलं. जानेवारीत परत आलो, जळगावच्या भाजीबाजारात भरिताची वांगी निवडत होतो, तर माझाच एक जुना विद्यार्थी मागून हळूच म्हणाला, "होऽऽ, सर."

गावी गेलो त्या आठवड्यात थंडी कडक होती. रात्री एक वाजता नाना उठला. मला झोप येत नव्हती, मीही निघालो. तिकडून आणलेले हातमोजे घातले, नानाने ते टॉर्चने नीट बघितले आणि काही बोलला नाही. विहिरीवर स्टार्टर दाबला, मोटर गुरगुरली, पाणी आलं. हात घातला तर कोमट. थंडीत त्याच्यावर बारीक वाफ तरंगत होती. बांधाच्या कडेच्या शेवरीखाली धूर केलेला, केळीची पानं त्यात काळी दिसत होती, आणि लांब डांबावरचा एकुलता एक दिवा.

नाना म्हणाला, खालच्या कोपऱ्यातला वाल फिरवून ये. बांधाचा उतार ओला होता, पाणी झिरपून चिखल झालेला. मी दोन पावलं टाकली आणि पाय निसटले. माझं मीच, काही न ठरवता, गुडघे वाकवले, चपलांची टोकं आत जुळवली, टाचा बाहेर फाकवल्या.

थांबलो. चिखलात दोन हात लांब रेघ, आणि तिच्या टोकाला मी, उभा.

टॉर्च माझ्या पायांवर आला आणि तिथेच राहिला.

"हाई काय करी ऱ्हायना, मास्तर?"

"पिझ्झा," मी म्हणालो.

"पिझ्झा मंग खाय," नाना म्हणाला. "पहिले वाल फिराव, लाईट जाई आते."