‘२५६ जीबीत काय होते?’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

महोदय,

एक टीबीच्या, म्हणजे सुमारे हजार जीबीच्या, जुन्या डेस्कटॉपवरून २५६ जीबी एसएसडीच्या (फाइली साठवणाऱ्या आतल्या डिस्कच्या) लॅपटॉपवर बिऱ्हाड कसे हलवले, या माझ्या लेखावरील आपली प्रतिक्रिया वाचली. एवढ्या जागेत विंडोज ११ नीट चालत नाही, फोटो बाहेरच्या डिस्कवर ठेवणे धोक्याचे आहे, आणि "निवृत्त काकांनी आपल्या कंजुषीचे तत्त्वज्ञान करून वाचकांची दिशाभूल करू नये," असे आपण लिहिता. मतभेदाला माझी ना नाही. परंतु ज्या माणसाला आपण कधी भेटलेला नाहीत, त्याची वृत्ती एका ओळीत निकालात काढण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

नाशिकमधल्या सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत ज्या कारखान्याच्या ड्रॉइंग विभागात माझी उमेदीची वर्षे गेली, तिथे यंत्रभागांची ड्रॉइंग १.४४ एमबीच्या फ्लॉपीवरून जात असत, आणि मोठी फाइल दोन फ्लॉपींत तोडून नेल्यावर दुसरी वाचलीच गेली नाही, तर अंबडच्या पुरवठादाराकडे पुन्हा खेप घालावी लागे. जागा जपून वापरण्याची सवय मला तिथे लागली. तिला कंजुषी म्हणणाऱ्याने आधी स्वतःचा डाउनलोड्स फोल्डर उघडून पाहावा. मी माझा पाहिला, लेखात त्याचे वर्णनही केले, पण तिथपर्यंत आपण पोहोचला नसावात. एकाच वीजबिलाच्या कंसात एक, दोन, तीन असे आकडे लागलेल्या पीडीएफ, केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचे ड्रायव्हर, व्हॉट्सॲपवरची फुले आणि सुविचार, आणि २०१५ च्या सिंहस्थात रामकुंडावर काढलेले फोटो, तेही वेगवेगळ्या नावांच्या तीन फोल्डरांत तेच ते! एक टीबी भरत आला होता तो अशा ऐवजाने. नव्या यंत्रात हे सगळे मावत नाही म्हणूनच ते निवडावे लागते, आणि मोठी डिस्क घेतली असती तर मी ते जन्मात निवडले नसते, एवढेच मला सांगायचे होते.

पैशांचे म्हणाल, तर कॅनडा कॉर्नरच्या दुकानदाराने एक टीबीचे मॉडेलही समोर ठेवले होते. ते न घेता त्याच पैशांत मी ८ ऐवजी १६ जीबी रॅम, म्हणजे चालू कामापुरती तात्पुरती मेमरी, घेतली, कारण मी निवडलेल्या लॅपटॉपात रॅम मदरबोर्डलाच जोडलेली आहे, ती पुढे वाढवता येत नाही. एसएसडी मात्र एम.२ नावाच्या वेगळ्या खाचेत बसते आणि मागचे झाकण काढून केव्हाही बदलता येते. कंजूष माणूस रॅमही कमीच घेतो, साहेब.

आपली एक गोष्ट मान्य करतो. २५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ जीबी दिसते, हे मी लिहायला हवे होते. डिस्क बनवणारे एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट धरतात, विंडोज तोच हिशेब १०२४ च्या पटीत करते. यात फसवणूक कोणाचीच नाही, तरी नवख्याच्या पोटात गोळा येतो. मात्र म्हणून विंडोज ११ तिथे चालत नाही, हे आपण कोठून आणलेत? मायक्रोसॉफ्टची स्वतःची किमान अट ६४ जीबीची आहे. मोठ्या अपडेटनंतर जुन्या विंडोजचा फोल्डर काही दिवस बरीच जागा अडवतो हे खरे, पण तो सेटिंग्जमधल्या स्टोरेजमध्ये जाऊन काढता येतो, आणि हेही लेखात आहे.

राहिला बाहेरच्या डिस्कचा धोका. ती बंद पडू शकते हे खरे, पण लॅपटॉपच्या आतली डिस्क काय अमरपट्टा घेऊन आली आहे? दुसरी प्रत ठेवावी, एवढे सुज्ञ वाचकाला न सांगताही कळते. त्यासाठी लेख लांबवण्याची गरज मला तेव्हा वाटली नाही, आजही वाटत नाही.