१९७१ चा वंशसंहार, आपली संसद आणि अर्धवट राहिलेले वाक्य

पूर्व पाकिस्तानात, म्हणजे आजच्या बांगलादेशात, १९७१ साली जे घडले त्याला भारताने अधिकृतपणे वंशसंहार म्हणून मान्यता द्यावी की नाही, हा वाद आता आमच्या गडचिरोली जिल्ह्यातही अधूनमधून ऐकू येतो. मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांची गावेच्या गावे असल्यामुळे आमच्याकडे तो निव्वळ दिल्लीचा विषय राहत नाही. मी मान्यतेच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. मात्र ही मागणी ज्या तऱ्हेने मांडली जाते आणि ज्या तऱ्हेने उडवून लावली जाते, त्या दोन्ही तऱ्हा मला पटत नाहीत.

आपली संसद या विषयावर एकदा बोलून चुकलेली आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात असते. २५ मार्च १९७१ च्या रात्री पाकिस्तानी लष्कराने ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’ सुरू केले आणि विद्यापीठाच्या जगन्नाथ हॉल या वसतिगृहात शिरून विद्यार्थ्यांना गोळ्या घातल्या. त्याला आठवडाही उलटला नव्हता तेव्हा, ३१ मार्चला, इंदिरा गांधींनी मांडलेला ठराव संसदेने एकमताने संमत केला. तिथे चाललेला लोकांचा पद्धतशीर संहार हा वंशसंहारच ठरतो आणि तो ताबडतोब थांबवण्यास पाकिस्तानला भाग पाडावे, असे त्या ठरावात जगातील सरकारांना सांगितले होते. पुढे सुमारे एक कोटी निर्वासित भारतात आले आणि त्यांचा खर्च साऱ्या देशाने उचलला. त्या नोव्हेंबरपासून टपालावर पाच पैशांचे ‘शरणार्थी सहायता’ तिकीट जादा लावावे लागे. आमच्या घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात वडिलांना आलेले असे काही लिफाफे अजून आहेत. नेहमीच्या तिकिटाला खेटून लावलेले ते लहानसे तिकीट आणि दोन्हींवर मिळून उमटलेला पोस्टाचा काळा शिक्का. बांगलादेश नकाशावर कुठे आहे हे ज्यांनी कधी पाहिले नसेल, त्या धान पिकवणाऱ्या माणसांनीही हे पाच पैसे भरले.

मग त्याच संसदेला आज पुन्हा तेच म्हणायला अडचण कोणती? माझ्या मते अडचण १९७४ मध्ये आहे. युद्धानंतर सुमारे ९३,००० पाकिस्तानी कैदी भारताच्या ताब्यात होते आणि त्यांपैकी १९५ जणांवर खटले चालवण्याचा बांगलादेशचा निर्धार होता. ९ एप्रिल १९७४ रोजी दिल्लीत तिन्ही देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी करार केला, गुन्हे घडले असतील तर त्याबद्दल पाकिस्तानने खेद व्यक्त केला, बांगलादेशने क्षमाबुद्धीने खटले सोडून दिले आणि ते १९५ जण इतर कैद्यांबरोबर मायदेशी परतले. त्या करारावर भारताचीही सही आहे. तेव्हाच्या निर्णयामागे कारणे होती, उपखंडात शांतता हवी होती, पाकिस्तानात अडकलेल्या बंगाल्यांची सुटका व्हायची होती, हे सगळे मला मान्य आहे. पण आज मान्यतेचा ठराव आणायचा तर त्या सहीचाही उल्लेख करावा लागेल, आणि इथेच सत्ताधारी आणि विरोधक दोघांचीही जीभ जड होते. एका बाजूला १९७१ च्या विजयाचे श्रेय हवे आहे पण १९७४ नको आहे. दुसऱ्या बाजूला काँग्रेसच्या पंतप्रधानांनी मांडलेला तो पहिला ठरावच आठवायला नको आहे.

आकड्यांवरून होणारी हमरीतुमरी तर मला व्यर्थच वाटते. बांगलादेशचा अधिकृत आकडा तीस लाखांचा आहे, पराभवाची चौकशी करणाऱ्या पाकिस्तानच्या हमुदूर रहमान आयोगाने सुमारे २६,००० हा लष्कराचा आकडा ग्राह्य धरला, आणि अनेक अभ्यासकांचे अंदाज या दोहोंच्या मधले आहेत. परंतु १९४८ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार वंशसंहार ठरतो तो एखादा राष्ट्रीय, वांशिक किंवा धार्मिक समूह पूर्णतः वा अंशतः नष्ट करण्याच्या हेतूवरून. मृतांचा किमान आकडा त्यात कुठेही घातलेला नाही. बोस्नियातील स्रेब्रेनिका येथे १९९५ मध्ये सुमारे ८,००० पुरुष आणि मुलगे मारले गेले, आणि आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २००७ मध्ये त्याला वंशसंहारच म्हटले. तेव्हा तीस लाख की तीन लाख, या प्रश्नावर ठराव अडकवून ठेवणारा माणूस एक तर कायदा वाचत नाही किंवा त्याला ठरावच नको असतो.

खरा कठीण प्रश्न बळी कोण, हा आहे. जिनिव्हाच्या विधिज्ञांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १९७२ च्या अहवालात असा निष्कर्ष काढला की पूर्व बंगालमधील हिंदूंच्या बाबतीत वंशसंहाराचा सकृद्दर्शनी भक्कम पुरावा आहे. समस्त बंगाली लोकांच्या बाबतीत मात्र तसा हेतू सिद्ध करणे अवघड आहे. काही मंडळी हा निष्कर्ष उचलून बंगाली मुसलमानांचे मरण बाजूला सारतात, तर काही जण धर्माचा उल्लेखच टाळून ‘बंगाली जनता’ एवढ्यावर भागवतात. हिंदूंना वेचून मारले गेले, हे लिहिलेच पाहिजे. मारल्या गेलेल्या प्राध्यापकांत, शेतकऱ्यांत आणि अत्याचार झालेल्या लाखो स्त्रियांत मुसलमानही मोठ्या संख्येने होते, हेही लिहिले पाहिजे. शिवाय फाळणीनंतर तिथे जाऊन राहिलेल्या उर्दूभाषक बिहारींच्याही कत्तली त्या वर्षी झाल्या. त्यांना वंशसंहाराच्या व्याख्येत बसवता येवो अथवा न येवो, त्या लपवणारा ठराव पहिल्याच प्रश्नाला ढासळेल.

मुलचेऱ्याकडच्या एका गावातील ओळखीच्या मावशींशी मी या विषयावर बोललो. त्यांचे कुटुंब १९६० च्या दशकात सीमा ओलांडून रायपूरजवळच्या माना कॅम्पमधून इकडे आले. त्यांची बॉर्डर स्लिप, म्हणजे सीमा ओलांडताना मिळालेली नोंदीची चिठ्ठी, प्लास्टिकच्या पिशवीत घालून पत्र्याच्या पेटीत तळाशी ठेवलेली असते. त्यांचे मामा मात्र खुलना जिल्ह्यातच राहिले. २० मे १९७१ रोजी भारताकडे निघालेली हजारो कुटुंबे चुकनगरच्या बाजारात आणि भद्रा नदीच्या काठावर थांबली असताना लष्कराने त्यांच्यावर कित्येक तास गोळीबार केला. त्या गर्दीत मामांच्या घरातले कोण कोण होते, हे मावशी बोटांवर मोजून सांगतात. ठरावाबद्दल विचारले तर म्हणाल्या, “करा ना ठराव, पण आमच्या नातवाचं जातीचं सर्टिफिकेट कधी करणार?” पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत असलेल्या नामशूद्र या बंगाली जातीच्या लोकांना महाराष्ट्रात ती सवलत नाही. हा विषय वेगळा आहे, त्यावर सवडीने लिहीन. पण ज्यांच्या नावाने ठराव मागायचा त्यांच्या दाराशी निदान एकदा जाऊन यावे, एवढे म्हणतो.

मान्यता ही सोयीनुसार दिली जाते, हा आक्षेप खरा आहे. ऑटोमन साम्राज्यात १९१५ पासून झालेल्या आर्मेनियनांच्या संहाराला वंशसंहार म्हणायला अमेरिका तुर्कस्तानच्या मैत्रीपायी कैक वर्षे कचरत राहिली. २०१९ मध्ये तिथल्या प्रतिनिधिगृहाने ४०५ विरुद्ध ११ मतांनी तसा ठराव केला तो तुर्कस्तानशी बिनसल्यावर, आणि राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी तो शब्द वापरला २०२१ मध्ये. १९७१ च्या बाबतीत तर ढाक्यातील अमेरिकन महावाणिज्यदूत आर्चर ब्लड यांनी २८ मार्चलाच वेचून चाललेल्या वंशसंहाराची तार केली होती. पण राष्ट्राध्यक्ष निक्सन आणि त्यांचे सल्लागार किसिंजर यांना पाकिस्तानमार्गे चीनशी बोलायचे होते, म्हणून मारेकऱ्यांऐवजी ब्लड यांचीच बदली झाली. २०२२ मध्ये अमेरिकन प्रतिनिधिगृहात मांडलेला ठरावही संमत झाला नाही. मात्र इतरांनी सोय पाहिली म्हणून आपणही पाहावी, हे मला कळत नाही. उलट आपल्यापाशी ३१ मार्च १९७१ चा स्वतःचाच ठराव आहे, जो अमेरिकेपाशी नाही.

मध्यंतरी तालुक्याच्या ठिकाणी चहा पिताना एका शेतकरीदादांनी मला सरळ विचारले, “ठराव झाल्यानं धानाचा बोनस वाढनार हाय का भाऊ?” नाही वाढणार. पण बोनस थकला म्हणून संसदेने बाकी सगळे काम थांबवावे, असे ते स्वतःही म्हणणार नाहीत. म्हटलेही नाही, हसून त्यांनी चहाचे पैसे दिले.

आता घाई करण्याचे एक कारण आहे. बांगलादेशात १९७१ चा इतिहास पक्षांच्या मालकीचा झाला. शेख हसीना यांच्या अवामी लीग पक्षाने तो सत्तेसाठी वापरला आणि ऑगस्ट २०२४ मध्ये तिची सत्ता गेल्यावर त्या रागाचा फटका इतिहासालाही बसला. फेब्रुवारी २०२५ मध्ये बांगलादेशचे संस्थापक शेख मुजीब यांचे ढाक्याच्या धानमंडी भागातील घर जमावाने पाडले. तिथल्या सरकारच्या रंगावर आपली भूमिका अवलंबून ठेवली तर ती कधीच ठरणार नाही. मान्यतेचा ठराव ढाक्याला टोचण्यासाठी किंवा आपल्याकडच्या निवडणुकीत ‘घुसखोर’ म्हणून आरोळी ठोकण्यासाठी आणला जाणार असेल, तर मी त्याला विरोध करीन.

लोकसभेत शुक्रवारी खासगी सदस्यांचे कामकाज असते. गडचिरोली-चिमूरच्या खासदारांनी त्यात असा ठराव मांडावा, त्यात १९७१ चा मूळ ठराव, विधिज्ञ आयोगाचा निष्कर्ष आणि १९७४ चा करार ही तिन्ही नमूद असावीत, असे निवेदन मी तयार केले आहे. मंगळवारपर्यंत ते माझ्याकडे वाचायला मिळेल; सही करण्याआधी संपूर्ण वाचा, दुरुस्त्या सुचवा, आणि आपल्या गावातील बंगाली शेजाऱ्यांनाही दाखवा.